गाडीची नाकपुडी

जनावर घ्यायचं तर आधी नाक बघायचं, दात नंतर. दाताला दलाल कानस मारतो, शिंगाला तेल चोपडतो, म्हाताऱ्या बैलाला दोन दिवस सरकी चारून पोट गोल करून आणतो. पण नाकपुडी ओली आहे की कोरडी, श्वास सरळ येतोय की घरघरतोय, हे अजून कुठल्या दलालाला रंगवता आलेलं नाही. मला हे कुणी बसवून शिकवलं नाही. सोनपेठच्या बाजारात दुसऱ्यांच्या जनावरांची दावी धरून उभा राहायचो, तेव्हा बघून बघून शिकलो. पुढे स्वतः सौदे करायला लागलो. त्यातून पालमला ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान टाकलं, दुकानामागे पत्र्याचं शेड घातलं, घर बांधलं. बापाकडून मला एक पंचा सोडला तर काही मिळालेलं नाही, आणि तो पंचाही विरलेला होता.

एवढ्या सगळ्या काळात मी एकच वस्तू नाक न बघता घेतली. ती माझ्या साडूची गाडी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. विजेच्या खात्यात इंजिनिअर होता, आता निवृत्त आहे, परभणीला बंगला आहे. जन्म राणीसावरगावचा. पण बंगल्याची वास्तुशांत झाली त्या दिवसापासून त्याच्या तोंडातून 'लय' गेलं आणि 'खूप' आलं. 'न्हाई' गेलं आणि 'नाही'सुद्धा असं यायला लागलं, जणू समोरच्याच्या अर्जावर शेरा मारतोय. मी त्याला साडूसाहेब म्हणतो. तो मला व्यापारी म्हणतो. दोघांनाही समोरचा काय म्हणतोय ते बरोबर कळतं.

गाडी होती हायब्रीड. पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. मागच्या सीटच्या पाठीशी एक भली मोठी बॅटरी असते. ब्रेक मारला, गाडी उताराला लागली, की ती आपोआप भरते. गाडी हलताना, चढ चढताना ती इंजिनाला हात देते. साडूने ती नवी घेतली तेव्हा नातेवाइकांना एकेक करून बसवून परभणी स्टेशनपर्यंत फिरवून आणलं होतं. "चालू झाल्याचं कळतसुद्धा नाही," असं तो दर वेळी म्हणायचा आणि आम्ही मान हलवायचो. बरीच वर्षं वापरून झाल्यावर त्याला दुसरी गाडी घ्यायची होती. ही कुणाला द्यायची, तर घरातल्याच माणसाला. म्हणजे मला.

बायकोने आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. "आवं, आक्काच्या दारातली वस्तू हाय. तिथं घासाघीस करू नका. दाजी मग तिला बोलत बसत्यात."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. दाजी म्हणजे आमचा साडू.

बायकोला घेऊन गेलो आणि सवयीने गाडीभोवती फेरी मारायला लागलो, तर हा व्हरांड्यातून म्हणाला, "व्यापारी, ही गाडी आहे. हिचे दात मोजायचे नसतात."

तिथे त्याचे दोन शेजारी बसले होते. ते हसले. बायकोने माझ्याकडे बघितलं. मीही हसलो आणि फेरी अर्धी सोडून दिली. त्याने सांगितला त्या भावाला हो म्हणालो. 'हो' हा शब्द पहिल्या झटक्यात म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि अजून त्याची चव तोंडातून गेलेली नाही. एवढं आठवतं की मागच्या सीटला घट्ट शिवलेलं जाड कव्हर होतं, वाकळीसारखं, जुन्या सुती लुगड्यांचे थर देऊन. आक्काच्या हातचं. मला वाटलं, या गाडीत खरी वस्तू काय ती एवढीच.

थंडीत गाडी बरी चालली. ऊन तापायला लागलं तशी मागून एक दबलेली घरघर यायला लागली. कुणीतरी उशीत तोंड खुपसून घोरतंय तसा आवाज. बैलाचा असता तर मी दुरून ओळखला असता. गाडीचा म्हणून मला वाटलं, एसीचं काहीतरी असेल. समोरच्या पडद्यावर बॅटरी किती भरली आहे त्याचं चित्र दिसतं, तेही वेड लागल्यासारखं करायला लागलं. आता भरलेलं दिसे, आणि पुढच्या पुलापर्यंत रिकामं. मग एका दुपारी पालमहून गंगाखेडला जाताना पडद्यावर लाल त्रिकोण लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला गप्प झाली. चालू झाल्याचं कळत नव्हतंच, बंद पडल्याचंही कळलं नाही.

माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ती परत आणली. आत बसून नुसतं स्टिअरिंग धरायचं काम माझ्याकडे. पालमच्या नाक्यावर चहाची टपरी आहे. तिथे बसणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही.

"शेठ, हे काय आणलंय वढून?"

"साहेबाची गाडी हाय ती," दुसरा म्हणाला. "आवाज येत न्हाई म्हणले होते."

"आवाज येत न्हाई म्हणले व्हते, चालती म्हणले व्हते का?"

मी काच वर केली.

त्या संध्याकाळी साडूला फोन केला. मला त्याच्याकडून काही वसूल करायचं नव्हतं. घेतली वस्तू, संपला सौदा. बाजाराचा नियम मला त्याच्यापेक्षा जास्त कळतो. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की ही घरघर त्याच्याकडे असताना होती का. त्याने पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

"माझ्याकडे होती तोवर एकदा तरी थांबली का? नाही. तुमच्याकडची धूळ, तुमचे रस्ते, तुमची चालवण्याची पद्धत. ढेपेची पोती टाकली असतील मागे. ही नाजूक मशिनरी असते, व्यापारी."

पोती मी टाकली नव्हती. माझ्याकडे पोत्यांसाठी टेम्पो आहे.

एवढ्यावर थांबला असता तर मी विसरलो असतो. पण त्याने ती गोष्ट नातेवाइकांत फिरवली. बारशात, साखरपुड्यात, तेराव्यालासुद्धा. ताटावर बसला की सुरू. "बैल हाकणाऱ्याच्या हातात हायब्रीड दिली. चूक माझीच." शेवटचे दोन शब्द तो असे म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा मोठ्या मनाचा माणूस आहे हा. लोक हसत आणि मग माझ्या पानाकडे बघत. ज्यांना मी अडीअडचणीला ट्रॅक्टरचे पार्ट उधार दिलेत ते हसत. मला त्याच्या तोंडून एकच वाक्य पाहिजे होतं, त्याच माणसांसमोर: गाडी माझ्याकडेच बिघडली होती. एवढं वाक्य मिळालं असतं तर ती बॅटरी मी हसत बदलली असती.

बदलायची तर होतीच. आधी मोठ्या शहरातल्या शोरूमला गेलो. तिथे एसी इतका की डोक्यावरचा घाम कपाळावरच गोठला. एक गळ्यात पट्टा घातलेला माणूस आला, गाडीला मशीन जोडलं, आणि मला काचेच्या खोलीत बसवून 'सर, सर' करायला लागला. जो माणूस वाक्याला तीनदा सर म्हणतो तो खिशात हात घालायच्या तयारीत असतो, हे मला बाजाराने शिकवलंय. त्याने भाव सांगितला. मी म्हटलं, बरं, आता खरा भाव सांग.

"सर, फिक्स रेट आहे सर."

फिक्स रेट. मी आयुष्यात बरेच चोर बघितले. रात्री दावं कापून नेणारे बघितले, आजारी म्हशीला गूळपाणी पाजून विकणारे बघितले. पण त्या सगळ्यांना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची निदान लाज होती. सौदा म्हणजे दोन माणसं एकमेकांकडे बघतात. फिक्स रेट म्हणजे समोर माणूसच नाही असं समजून बोलणं. त्याला विचारलं, जुनी बॅटरी तुम्ही ठेवून घेणार, तिच्यात धातू आहे, त्याची वजावट किती? म्हणाला, "सर, ती पॉलिसी नाही सर." विचारलं, बॅटरी मेली कशाने? म्हणाला, "सर, एजिंग." म्हणजे म्हातारपण. एवढं सांगायला मशीन कशाला जोडायचं?

मी उठलो. जाताना त्याने पाण्याची बाटली दिली. ती तेवढी घेतली.

मग नांदेडला एका माणसाचा पत्ता लागला. तो अशाच गाड्यांच्या बॅटऱ्या विकतो आणि बसवूनही देतो. गल्लीत दुकान, बाहेर फाटक्या खुर्च्या, आत पेट्यांवर पेट्या. माणूस तोंडात पान धरून बोलणारा, आणि बढाईखोर. गाडी बघायच्या आधीच त्याने निदान सांगितलं. "उंदीर, शेठ. वायर कुरतडली." मी म्हटलं, वायर शाबूत आहे. "मग पेट्रोल. भेसळ चालू हाय सगळीकडं." मी म्हटलं, पेट्रोलचा आणि बॅटरीचा काय संबंध? "मग गर्मी," तो म्हणाला, आणि हवेत हात उडवून विषय संपवला. त्याची अक्कल तेवढीच होती, पण माल खरा होता. मी पेटी उघडून दाखवायला लावली, तारखेचा शिक्का बघितला, तोंडाच्या पट्ट्या बघितल्या. बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. न जुंपलेला बैल म्हणून कुणी बारा वर्षांचा जोडीला घेत नाही.

"शेठ, पूरा पॅक कामून बदलता?" त्याने नवी चाल टाकली. "आत लय खाने असतेत, सेलचे. दोन-चार मेले असतील. तेवढेच नवे टाकतो. स्वस्तात काम."

"म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला खोंड जुंपला तर काय होतं?"

त्याने पान गालात सरकवलं. "खोंड दमतो."

"आन् म्हातारा?"

"म्हातारा बसतो." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "बाजारातले हाव का शेठ तुमी?"

निघालं असं की त्याचा बापही जनावरांचा दलाल होता, लोह्याच्या बाजारात. मग फिक्स रेट गेला खड्ड्यात. त्याने खुर्चीवरचा टॉवेल ओढला, माझ्या उजव्या हातावर टाकला, खाली स्वतःचा हात घातला. बाहेरच्या खुर्च्यांवरची माणसं आत डोकावायला लागली. आमच्याकडे सौदा असाच होतो: तोंड गप्प, डोळे समोर, आणि कापडाखाली बोटं बोलतात. त्याने बोटं धरली, मी सोडली. मी धरली, त्याने मनगट झटकलं. जुन्या बॅटरीची वजावट मी अंगठ्याने मागितली, त्याने नाक मुरडलं. पालमला येऊन माझ्या शेडमध्ये बसवून देणं, त्यात त्याचा येण्या-जाण्याचा खर्च त्याचाच, हे मी बोटाच्या अर्ध्या पेरावर मिळवलं. शेवटी त्याने टॉवेल उचलला आणि थुंकायला बाहेर गेला, म्हणजे सौदा झाला. कापडाखालचा भाव कापडाखालीच राहतो, म्हणून तो इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की शोरूमच्या गळपट्टेवाल्याला तो कळला असता तर त्याला त्या एसीतसुद्धा घाम फुटला असता.

ठरल्या दिवशी तो पेटी घेऊन पालमला आला. आल्या आल्या त्याने डिकीच्या आतली एक नारंगी खुंटी उपसून खिशात घातली. "ही माझ्या खिशात हाय तवर कुणी नारंगी वायरीला हात लावायचा न्हाई. लावला तर माती करायला चला." खुंटी काढल्यावरही लगेच काम करायचं नाही, आतला करंट उतरू द्यायचा, असं म्हणून तो शेडच्या सावलीत बसला आणि फोनवर कुणाला तरी दुबईच्या गाड्यांच्या गप्पा सांगायला लागला. मग कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले. मागची सीट काढायची होती. सीट निघण्याआधी कव्हर काढायचं होतं, आणि ते काम मी केलं, कारण आक्काचं शिवण त्याच्या पानाच्या बोटांनी खराब व्हावं असं मला वाटत नव्हतं.

कव्हर कडेने उसवत गेलो. दाराजवळच्या बाजूला ते जास्तच जाड लागलं. आतून आणखी एक ठिगळ लावलेलं, दुहेरी टाक्याने, पक्कं. ते दूर केलं तर त्याच्या मागे प्लास्टिकची जाळी. हाताएवढी. जाळीच्या फटी कापसाच्या तंतूंनी, केसांनी, शेंगदाण्याच्या फोलपटांनी भरून फेल्टासारख्या झाल्या होत्या. तो थर वर्षानुवर्षांचा होता. माझ्याकडे गाडी येऊन एक पावसाळासुद्धा झाला नव्हता.

"हे कशाचं भोक?" मी विचारलं.

"हवा घ्यायचं," तो पान चघळत म्हणाला. "इथनं गाडीतली गार हवा आत वढती, पंखा हाय आत. बॅटरी थंड ठिवाया. हे बंद केलं तर शिजतीच की ती." मग जणू हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं असं तोंड करून म्हणाला, "म्हणलं नव्हतं का, गर्मी?"

मी खाली बसलो. नाकपुडी. माझ्या हातात गाडीची नाकपुडी होती, आणि ती टाके घालून बंद केलेली होती. आणि ही गाडी कुणाची, तर ज्या माणसाने उभा जन्म रोहित्रं थंड राहतात का हे बघण्याचा पगार घेतला त्याची.

बायको जेवायला बोलवायला आली होती. तिने ठिगळ माझ्या हातातून घेतलं, उलटं करून टाके बघितले आणि ओळखलं. "हे आक्काचं," ती म्हणाली. मग टाक्यांवरून बोट फिरवत, "तवाच सांगितलं व्हतं तिनं मला फोनवर. मागं पंखा आवाज करतो म्हणून दाजींनी ते भोक शिवून घ्यायला लावलं. फोनवर साहेबांशी बोलताना त्यांना त्रास व्हायचा. लय जाड, सुई जात नव्हती म्हणली, बोटाला टोचली म्हणली."

मला इतका आनंद झाला की मी बॅटरीवाल्याला जेवायला बसवलं. तेही सौद्यात नव्हतं.

"तुमी हे परभणीला नेणार," बायको म्हणाली.

"नेणार म्हणजे? उद्याच."

"दाजी तिच्या डोक्यावर घालतील."

"आन् मी खरं सांगीन."

"कसं सांगाल? खरं तिनं मला सांगितलंय. तुमी बोललाव की त्यांना कळंल, ही घरातलं बहिणीला सांगती. मग तुमी याल निघून पालमला. ती तिथंच राहती."

मी ऐकलं, पण ऐकलं नाही. राग असला की माझ्या कानाला दार नसतं. नवी बॅटरी बसली, खुंटी परत बसली, पडद्यावरचा त्रिकोण गेला. मी जाळी ब्रशने धुऊन काढली, ठिगळ आणि तो फेल्टाचा थर पिशवीत घातला, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन परभणी गाठली.

साडू व्हरांड्यात होता. आक्का बोळात तांदूळ निवडत बसली होती. मी मुद्दाम गाडी फाटकातून आत घेतली, बंद केली, उतरलो.

"चालते म्हणजे," तो म्हणाला. "कितीला पडली?"

"रुमालाखाली झाली. सांगता येत नाही."

"बघा," तो हसला. "गाडी बदलली, बॅटरी बदलली, बाजार काही सुटला नाही."

मी पिशवी टीपॉयवर उपडी केली. तो थर आणि ते ठिगळ. "साडूसाहेब, हवा घ्यायचं भोक शिवून बंद केलेलं होतं. त्यानं बॅटरी मेली. हा मळ माझ्या वर्षाचा न्हाई."

त्याने ठिगळाकडे बघितलं. मग त्याने मान वळवली, बोळाकडे.

"हिचं काम," तो म्हणाला. "शिवणकामाची हौस. दिसलं भोक की शिव. किती वेळा सांगितलंय, यंत्राच्या गोष्टीत डोकं चालवू नकोस. इकडे ये जरा. बघ काय करून ठेवलंस."

आक्का उठली नाही. सुपातला हात थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. बहिणीकडे बघितलं. आणि बायकोने माझ्याकडे.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. तुम्हीच शिवायला लावलं. तीन शब्द. मी जन्मात कधी हातातला सौदा सोडला नाही. त्या बोळात सुपातला हात तसाच थांबलेला होता, आणि या माणसाला हे शब्द कुठून आले ते कळायला वेळ लागला नसता. इंजिनिअर म्हणून कसाही असला तरी तेवढा हुशार तो आहे.

"आक्काचं न्हाई ते," मी म्हटलं. "आमच्या पालमच्या कव्हरवाल्याचं. मीच गेल्या दिवाळीत कव्हर दुरुस्तीला दिलं व्हतं. त्यानं भोक शिवलं असंल. आत्ता ध्यानात आलं."

असलं खोटं कुणी बाजारात सांगितलं असतं तर मी त्याला हाकलला असता. मळ वर्षानुवर्षांचा आणि शिवण दिवाळीचं. पण त्या माणसाने नीट बघितलंच नाही. कशाला बघेल? तो जिंकला होता. "म्हणजे तुमच्याकडेच," तो म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. "मी काय म्हणत होतो?" मग हाक मारली, "चहा टाका गं, व्यापाऱ्यांना चहा द्या." त्या चहात साखर होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

परत येताना बायको म्हणाली, "मोठेपणा केला तुमी." मी तिला सांगितलं, मोठेपणा वगैरे काही नाही, तोट्यात सौदा सोडला आणि वर त्या माणसाला चहाचं श्रेय दिलं. तिने ते कव्हर बहिणीकडे पाठवून दिलं. परत आलं तेव्हा जाळीच्या जागी चौकोनी भोक कापलेलं होतं आणि त्याला चारी बाजूंनी बारीक काठ शिवलेला.

साडूच्या गोष्टीला आता नवं शेपूट फुटलं होतं. बैल हाकणाऱ्याला हायब्रीड दिली, आणि त्याने कव्हरवाल्याकडून बॅटरी मारून घेतली. मी ते तीन लग्नांत ऐकलं. एका लग्नात जिलबी वाढणाराही ऐकत उभा राहिला.

चौथं लग्न सोनपेठला होतं. साडूची नवी गाडी कुठेतरी दुरुस्तीला होती, म्हणून त्याचा फोन आला, "आम्ही तुमच्या गाडीतून येतो." विचारलं नाही, कळवलं. परभणीला जाऊन दोघांना घेतलं. तो नेहमीसारखा मागे बसला, म्हणजे मी ड्रायव्हर दिसतो. आक्का त्याच्या शेजारी. बायको माझ्या शेजारी. तो नेमका जाळीच्या बाजूला बसला.

गंगाखेड सोडलं. ऊन चढलं आणि मागचा पंखा सुरू झाला, मोकळा, खणखणीत, जनावर नीट श्वास घेतं तसा. साडूने फोन लावला होता. तो वैतागला, फोन कानापासून दूर धरला.

"हा घोंगावणारा आवाज परत सुरू झाला की," तो म्हणाला. "माझ्याकडे असताना मी हिच्याकडून हे भोक पक्कं शिवून घेतलं होतं. फोनवर धड बोलता येत नव्हतं. तुम्ही परत कशाला उघडलंत?"

पंखा तेवढा बोलत होता.

"काय म्हणलाव?" मी म्हटलं. "आवाजात ऐकू आलं न्हाई."

तो पुढे वाकला आणि मोठ्याने, सावकाश, अडाणी माणसाला समजावतात तसं पुन्हा सगळं सांगितलं. स्वतः शिवून घेतलं होतं. जाड कापड. पक्के टाके. आमच्या सगळ्यांकडे बघून सांगितलं. मी त्या वाक्यासाठी पावसाळा आणि उन्हाळा घालवला होता, आणि त्याने ते सुटे पैसे टाकावेत तसं टाकलं, काय टाकलं ते न बघता. भर लग्नात पाहिजे होतं, मिळालं सोनपेठच्या रस्त्यावर. त्या माणसाला कळलंसुद्धा नाही, आणि कळायचंही नाही. आता त्याचं त्यानेच सांगितलंय, म्हणून मी हे लिहायला मोकळा.

बायकोने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. मग मागून आक्काचा आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग खोकला नव्हे.

"काय झालं तुम्हाला?" साडू म्हणाला.

"काई न्हाई," आक्का म्हणाली. "रस्ता खराब हाय."

त्याने अंगावरची शाल काढली, तिची घडी केली आणि जाळीवर दाबून ठेवली. मी गाडी कडेला घेतली. उतरलो, मागचं दार उघडलं, शाल उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"नाकावर हात ठेवू नका, साडूसाहेब. मरतं जनावर."

तो आक्काकडे वळून म्हणाला, "हा मनुष्य अजून बैलबाजारातच आहे."

"व्हय," आक्का म्हणाली, आणि त्याच्या मांडीवरची शाल उचलून आपल्या बाजूला ठेवली.